‘बँक बुडनारी शे म्हने’ : निवडणुकीचे आणि मंदीचे निरोप घरात आले तर काय करायचं

“ताई, बँक बुडनारी शे म्हने. पैसा काढी लेऊ का?”

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. फोनवर माझा धाकटा भाऊ, आमच्या अहिराणी बोलीत. तो चोपडा तालुक्यात तापीकाठी शेती करतो, मी अमळनेरला राहते. २०२४ च्या विधानसभेचं मतदान आठवड्यावर आलं होतं. त्याच्या घरात पंधरा-सोळा क्विंटल कापूस पडून होता आणि बँकेत तीन लाखांची मुदत ठेव होती, पोरीच्या लग्नासाठी राखलेली.

“तुले कोनी सांगं?” मी विचारलं.

“मोबाईलमा उनं.”

मी त्याला तो निरोप वाचून दाखवायला सांगितलं. निवडणुकीचा निकाल आधीच ठरलाय, मशीनमध्ये मतं भरून ठेवलीत. सरकारनं मंदी दाबून ठेवलीय, निकाल लागला की आठ दिवसांत ती बाहेर येईल. बँका बंद होतील, ठेवी गोठतील. माल विका, पैसा काढा, सोनं घ्या. आणि शेवटी, हा मेसेज काढून टाकला जाईल, त्याआधी पुढे पाठवा.

मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं. तेवढीच वर्षं निवडणुकीची ड्युटी केली. कागदी मतपत्रिकांच्या काळात सुरुवात झाली, शेवटच्या दोन निवडणुकांना मी केंद्राध्यक्ष होते. त्यामुळे घरातले, शेजारचे, जुने विद्यार्थी असे निरोप घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्याबरोबर बसून मी जे करते ते इथे सविस्तर लिहिते आहे. तुमच्या घरातही कुणी असा फोन धरून बसलेलं असेल.

रात्री पैसा हलवायचा नाही

सगळ्यात आधी हे. निरोप खरा असो वा खोटा, तो वाचल्या रात्री ठेव मोडायची नाही, माल विकायचा नाही, कुणाला रोख द्यायची नाही. रात्री बँक उघडी नसतेच. पण हल्ली मोबाईलवरून ठेव मोडता येते, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का कापला जातो, तो परत मिळत नाही. सकाळपर्यंत थांबल्यानं काहीच जात नाही.

दुसरं, हसायचं नाही. “काय वेडा आहेस, असं कुठे असतं का” हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा वापरलं आणि दर वेळी समोरचा माणूस माझ्यापासून लांब गेला. भावालाही त्या रात्री तेच म्हणणार होते, पण मला दादांची आठवण झाली. आमचे वडील. निवृत्तीचे सगळे पैसे त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले होते, कारण तिथं बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळत होते आणि संचालक ओळखीचे होते. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था एकामागून एक अडचणीत आल्या तेव्हा ती पण बसली. दादा पासबुक घेऊन वर्षानुवर्षं हेलपाटे मारत राहिले. ते गेले, पैसे आले नाहीत. भाऊ त्यांना मोटरसायकलवर बसवून न्यायचा. तेव्हा त्याची भीती मूर्खपणाची नव्हती, तिला घरातला इतिहास होता. म्हणून मी एवढंच विचारलं, “तुला दादांचं आठवलं ना रे?” तो बराच वेळ गप्प राहिला. त्यानंतरचं बोलणं सोपं गेलं.

कुणाशी बोलताना आधी हे शोधा की माणूस नेमकं कशाला घाबरलाय. निरोपातली वाक्यं नंतर.

निरोप फोडून लिहायचा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चोपड्याची एसटी पकडली. भावाच्या ओट्यावर बसून त्याच्या हातात वही दिली आणि निरोपातली एकेक गोष्ट वेगळ्या ओळीवर लिहायला लावली. त्यानंच लिहायचं, आपण नाही. एकत्र वाचताना निरोप अंगावर येतो. सुटं लिहिलं की एकेक वाक्य केवढं ते दिसतं.

प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहायच्या. ही घडलेली गोष्ट आहे की घडणार असलेली? घडलेली असेल तर तिचा कागद कुठे असतो? आणि मी यावर विश्वास ठेवला तर कुणाचा फायदा आहे?

“मशीनमध्ये मतं भरलीत” ही घडलेली गोष्ट म्हणून सांगितलेली, तपासता येते. “ठेवी गोठवणार” याला कायदा लागतो, तोही तपासता येतो. “आठ दिवसांत मंदी येणार” हे भविष्य आहे. त्याचा कागद कुणाकडेच नसतो. त्यापुढे भावाला मी फक्त फुली मारायला लावली.

तिसऱ्या प्रश्नाशी तो अडखळला आणि मग स्वतःच म्हणाला, “कापसाचा व्यापारी परवा घरी येऊन गेला. तोही हेच बोलत होता.” खेडा खरेदीवाला होता. क्विंटलला ६,२०० रुपये रोख देतो म्हणत होता, पुढे पाच हजारालाही कुणी विचारणार नाही असं सांगून. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव होता ७,५२१ रुपये. निरोप त्या व्यापाऱ्यानं लिहिला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण पसरलेली भीती कुणाच्या काट्यावर तोलली जाते, हे वहीत दिसलं.

मशीनची गोष्ट

इथं मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण ही खोली मी आतून पाहिली आहे.

निवडणूक आयोगावर विश्वास ठेवा, असं मी कुणाला सांगत नाही. केंद्रावर काय काय होतं आणि त्यातलं काय तुम्हाला स्वतः पाहता येतं, एवढं सांगते.

मतदान सातला सुरू होणार असेल तर साडेपाचला आम्ही अभिरूप मतदान घेतो. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकायची, सगळ्या उमेदवारांना थोडी थोडी, नोटालाही. मग कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतं नोंदवणाऱ्या भागावर, निकाल काढायचा, व्हीव्हीपॅट म्हणजे प्रत्येक मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, त्यातल्या चिठ्ठ्या मोजायच्या, दोन्ही जुळतात का ते प्रतिनिधींना दाखवायचं. नंतर मशीनमधला हिशोब पुसून शून्य दाखवायचं. चिठ्ठ्या बाहेर काढून, मागे शिक्का मारून, काळ्या पाकिटात बंद करायच्या. हिरव्या कागदी सीलवर प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. मशीनमध्ये आधीच मतं भरलेली असती तर ती या शून्याच्या वेळी दिसली असती. पण हे शून्य बघायला पहाटे साडेपाचला कुणीतरी हजर पाहिजे. माझ्या एका केंद्रावर पाच उमेदवारांपैकी दोघांचेच प्रतिनिधी वेळेवर आले. तिसरा आला तेव्हा रांग लागलेली होती. संध्याकाळी शंका सर्वात मोठ्यानं घेतली ती त्यानंच.

संध्याकाळी शेवटचा मतदार गेला की ‘क्लोज’चं बटण दाबायचं. त्यानंतर त्या मशीनमध्ये मत पडत नाही. एकूण मतं पडद्यावर येतात. ती संख्या नमुना १७ सी मध्ये लिहायची. त्याच कागदावर मशीनचे नंबर, सीलचे नंबर, नोंदवहीत सह्या केलेल्या मतदारांची संख्या, मत न देता परत गेलेले किती, हे सगळं असतं. त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यावी लागते. मोजणीच्या दिवशी हेच मशीन टेबलावर येतं तेव्हा नंबर, सील आणि एकूण मतं या कागदाशी जुळवायची.

तुमच्या गावात कुणी म्हणालं की मशीन बदललं, तर त्याला एवढंच विचारा : आपल्या केंद्राचा सतरा सी कुणाकडे आहे? ज्या पक्षाचा प्रतिनिधी दिवसभर बसला होता त्याच्याकडे तो असतो. तो मागा. मोजणीच्या टेबलावरचा आकडा त्याच्याशी जुळवा. नाही जुळला तर तुमच्या हातात पुरावा आहे, आणि तेव्हा गप्प बसायचं नाही. मीही तुमच्याबरोबर येईन.

संध्याकाळच्या टक्केवारीवरून त्या निवडणुकीत फार गदारोळ झाला. २० नोव्हेंबरला संध्याकाळी पाचपर्यंतचा राज्याचा आकडा ५८.२२ टक्के सांगितला गेला आणि अंतिम आकडा ६६ टक्क्यांच्या पुढे गेला. मधली लाखो मतं कुठून आली, असा प्रश्न विरोधी पक्षांनी विचारला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं आणि जून २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. मी माझ्या केंद्रावरचं सांगते. दिवसभराचे आकडे म्हणजे आम्ही क्षेत्रीय अधिकाऱ्याला दर दोन तासांनी घाईत कळवलेली संख्या. एकीकडे रांग सांभाळायची, एकीकडे फोन. पाचला कळवलेला आकडा बहुतेक साडेचारचाच असतो. सहा वाजता आवारात जेवढे उभे असतील त्यांना रांगेच्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटायच्या आणि त्या सगळ्यांचं मतदान होईपर्यंत थांबायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे बाया दुपारी चारनंतरच येतात. मी साडेसातपर्यंत थांबलेली आहे. म्हणून फोनवरचा आकडा हा अंदाज आणि सतरा सी हा हिशोब, हे दोन्ही वेगळे धरा. आणि त्याच कारणानं, सतरा सीचे आकडे लोकांना सहज बघायला मिळावेत अशी मागणी कुणी केली तर मला ती चुकीची वाटत नाही.

मशीन घेऊन जाणाऱ्या गाडीचा व्हिडिओ दर निवडणुकीला येतो. क्षेत्रीय अधिकाऱ्याच्या गाडीत राखीव मशीन असतात, बिघाड झाला तर बदलायला. तुमच्या हातात व्हिडिओ आला तर मशीनचा नंबर दिसतो का बघा. कुठल्या केंद्राला कुठला नंबर, याची यादी उमेदवारांना दिलेली असते. नंबर नाही, गाव नाही, तारीख नाही, तर त्या व्हिडिओत तपासायला काहीच नाही.

व्हीव्हीपॅटबद्दल थोडं. चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. दुसऱ्याच चिन्हाची चिठ्ठी आली असं वाटलं तर केंद्राध्यक्षाला तिथल्या तिथं सांगा; लेखी घेऊन चाचणी मत टाकायची सोय नियमात आहे. तक्रार खोटी निघाली तर शिक्षाही आहे, म्हणून नीट बघून बोला. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच मशीनच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितल्या. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी मान्य झाली नाही, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के मशीनची तपासणी मागता येईल अशी सोय झाली. तेव्हा हरलेला उमेदवार भाषणात मशीनचं नाव घेत असेल तर त्यानं हा अर्ज केला होता का, ते विचारा.

नगरपालिका, जिल्हा परिषद, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभा-लोकसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. आपल्याकडे स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट लावत नाहीत. “या वेळी चिठ्ठी दिसली नाही, काढून टाकली” असं शेजारच्या काकू घाबरून सांगत आल्या होत्या. काकूंना जे दिसलं ते खरं होतं. तिथं व्हीव्हीपॅट का नाही, हा प्रश्नही रास्त आहे. पण काढून कुणी टाकलेलं नव्हतं.

कागदी मतपत्रिका आल्या की सगळ्या शंका मिटतील असं पुष्कळांना वाटतं. मी मतपत्रिकांवर काम केलेलं आहे. घडी घालताना शाई दुसऱ्या चिन्हावर उमटून बाद झालेली मतं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आणि शंका तेव्हाही होत्या. १९७१ च्या लोकसभेला इंदिरा गांधींचा पक्ष मोठ्या बहुमतानं आला तेव्हा जनसंघाचे बलराज मधोक यांनी आरोप केला की मतपत्रिकांवर रसायन लावलं होतं, मतदारानं मारलेला शिक्का उडून जातो आणि गाय-वासराच्या चिन्हावर आधीच मारलेला अदृश्य शिक्का उमटतो. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आरोप टिकला नाही. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीनंतर जॉर्जिया राज्यात सुमारे पन्नास लाख कागदी मतपत्रिका हातानं मोजल्या, निकाल तोच आला, तरी न मानणारे राहिलेच. मी मशीनची वकिली करत नाही. कागद असो की मशीन, प्रतिनिधी खुर्चीवर बसला पाहिजे, एवढं माझं म्हणणं आहे.

जिथं मला स्वतःला काळजी वाटते ती जागा मशीन नाही, मतदार यादी आहे. लग्न होऊन गेलेल्या पोरीचं नाव माहेरच्या यादीत तसंच राहतं आणि सासरी नव्यानं लागतं. वारलेल्यांची नावं चार-चार वर्षं निघत नाहीत. उलट जिवंत माणूस मतदानाला येतो आणि त्याचं नाव नसतं. अशा एका म्हाताऱ्या बाबांना मी परत पाठवलं, ते केंद्राबाहेर बांधावर किती तरी वेळ बसून होते. दुबार नाव म्हणजे दुबार मत नव्हे, बोटाला शाई आणि नोंदवहीत सही असते. पण यादी खराब असली की संशयाला जागा मिळते, आणि हे काम मतदानाच्या दिवशी होत नाही. नवीन नावासाठी नमुना ६, वारलेल्याचं किंवा गेलेल्याचं नाव काढायला नमुना ७, दुरुस्ती किंवा पत्ताबदलासाठी नमुना ८. गावातल्या बीएलओला, म्हणजे यादीचं काम बघणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला भेटा, बहुतेक वेळा आमच्यासारखी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असते. १९५० हा मदतीचा क्रमांक आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा घरोघरी यादी वाचून बघायला बसा, एका दुपारीत गल्ली होते.

“ठरलेलंच आहे तर मत कशाला द्यायचं” हे निरोपातलं सगळ्यात वाईट वाक्य. भाऊ तेच म्हणाला होता. तो घरी बसला असता तर त्याचं मत खरोखरच चोरीला गेलं असतं.

ठेवीची गोष्ट

बँका कधीच बुडत नाहीत, असं खोटं आश्वासन देऊ नका. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर ५०,००० ची मर्यादा आली, ती तेरा दिवसांत उठली. म्हणून आश्वासनाऐवजी नियम सांगा. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच्या रकमेला विमा आहे. तो ठेव विमा महामंडळाकडून असतो, त्याचा हप्ता बँक भरते. व्यापारी बँका, सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँक, सगळ्यांना. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तरी ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद झाली.

पतसंस्थेला हा विमा नाही. पतसंस्थेच्या दारावरच्या पाटीवर ‘बँक’ वाटावं असं काहीही लिहिलेलं असो. दादांना हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी भेटेल त्याला सांगते : पासबुक घेऊन जा, काउंटरवर विचारा, “ठेव विमा आहे का? लेखी दाखवा.” ज्या बँकेला विमा आहे ती दाखवते. तुमची रक्कम पाच लाखांवर असेल तर दोन बँकांत विभागून ठेवा. भावाची ठेव तीन लाखांची, राष्ट्रीयीकृत बँकेत. बँकेत जाऊन त्यानं स्वतः विचारलं. बाहेर आला तेव्हा चेहरा वेगळा होता.

“ठेवी सरकार घेणार” हे आलं कुठून, तेही त्याला सांगितलं. २०१७ मध्ये वित्तीय संस्थांबद्दलचं एक विधेयक लोकसभेत आलं होतं. बँक बुडायला लागली तर तिची काही देणी तिला सावरण्यासाठी वापरता येतील अशी तरतूद त्यात होती. लोक घाबरले, टीका झाली, ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारनं विधेयक मागं घेतलं. विधेयक संपलं, निरोप मात्र तारीख बदलून फिरतोय. अशा बहुतेक अफवांमध्ये एक खरा धागा असतो. तो धागा शोधून दाखवला की माणसाला खोट्यात पकडल्यासारखं वाटत नाही.

नोटबंदीनंतर दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचं ऐकलं होतं ना? चिप कधीच नव्हती. दहा रुपयांचं नाणं आजही कित्येक दुकानदार घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगितलं की चौदा प्रकारची नाणी आहेत आणि सगळी चालतात. आठवडे बाजारात भाजीवालीच्या हातात नाणं परत येतं तेव्हा नुकसान तिचं होतं, अफवा सुरू करणाऱ्याचं नाही.

मंदी

मंदी हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरतात. बाजारात गिऱ्हाईक नाही, भाव पडले, याला आपण मंदी म्हणतो. अर्थशास्त्रात देशाचं उत्पन्न सलग दोन तिमाही आक्रसलं तर मंदी म्हणतात. २०२० मध्ये टाळेबंदीत ते झालं : एप्रिल-जूनला सुमारे २४ टक्के घट, पुढच्या तिमाहीत त्या वेळच्या आकड्यांनुसार ७.५ टक्के. ते आकडे सरकारी सांख्यिकी कार्यालयानंच छापले, लपले नाहीत. तिमाहीचे आकडे वर्षातून चारदा येतात, सगळ्या वर्तमानपत्रांत येतात. महागाईचा आकडा दर महिन्याला येतो. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती दोन महिन्यांनी बसते आणि व्याजदराचा निर्णय जाहीर करते. या आकड्यांवर वाद असतात, असावेत. पण “अमुक तारखेला कोसळणार” असं सांगणारा त्यातलं काही वाचून सांगत नसतो.

याचा अर्थ वाईट बातमी नेहमी खोटी असते असा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, २७ तारखेपासून. त्याच महिन्यात सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. बाहेरचा कापूस स्वस्त झाला आणि आपल्या घरातल्या कापसाला धक्का बसला. ही खरी बातमी होती, तिला अधिसूचना होती, तारीख होती. भावानं ती वाचली आणि घाबरायच्या ऐवजी सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीसाठी वेळेत नोंदणी केली. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० होता. ओलावा जास्त असला की केंद्रावर कमी भाव बसतो, म्हणून वहिनींनी कापूस ओट्यावर चांगला वाळवून घेतला.

मंदीची भीती वाटतेच तर तिच्यापोटी करायची कामं वेगळी आहेत. सावकाराचं आणि सोनेतारणाचं देणं आधी कमी करा. घर चार-सहा महिने चालेल एवढी रक्कम हाताशी ठेवा. सगळा माल एकाच दिवशी विकू नका आणि सगळा धरूनही बसू नका. सोनं घ्यायचं तर घ्या, खान्देशात बाई सोन्याशिवाय राहत नाही, पण ठेव मोडून, घाईत, निरोप वाचून नको. आणि कुणी “बँक बुडणार, माझ्याकडे ठेवा” म्हणाला, तर तो जवळचा नातेवाईक असला तरी नाही म्हणा. रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ नावाचं संकेतस्थळ आहे, तिथं अशा ठेवी गोळा करणाऱ्यांविरुद्ध तक्रार करता येते.

पुढे पाठवण्याआधी

साक्री तालुक्यातलं राईनपाडा. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे निरोप कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवता येईल अशी मर्यादा आणली. त्या जमावातली बहुतेक माणसं आपल्यासारखीच असणार, घरात लेकरं असलेली. त्यांनीही निरोप “काळजीपोटी” पुढे पाठवला असेल. मी त्या दिवसापासून कुठलाही निरोप वाचून खात्री केल्याशिवाय एकालाही पाठवलेला नाही.

निरोपावर दोन बाण दिसत असतील तर तो फार हातांतून आलेला आहे, लिहिणारा सापडणार नाही. अशा वेळी पाठवणाऱ्याला विचारा, “तुला कुणी पाठवला?” तीन माणसं मागं गेलात की उत्तर संपतं. घरच्या ग्रुपवर कुणी टाकलं तर तिथं सगळ्यांसमोर चूक दाखवू नका. फोन करा, नाही तर जाऊन भेटा. आमच्या मोठ्या जिभाऊंना मी ग्रुपवर एकदा दुरुस्त केलं, त्यांनी सहा महिने माझ्या घरी पाऊल ठेवलं नाही. नंतर मी भरीत-कळण्याची भाकरी घेऊन गेले, जेवण झाल्यावर तोच विषय काढला. तेव्हा त्यांनी स्वतःच निरोप काढून टाकला.

भावाची ठेव मुदतीपर्यंत राहिली. कापूस त्यानं जानेवारीत विकला, दोन वेळा करून. २० नोव्हेंबरला त्यानं मत दिलं. पुढच्या निवडणुकीला मी त्याला प्रतिनिधी म्हणून बसायला सांगितलं, पहाटे साडेपाचला, ज्या पक्षाचा तो आहे त्याच पक्षाकडून. तो पक्ष माझा नाही.

गेल्या महिन्यात रात्री दहाला पुन्हा त्याचा फोन आला. मी उठून बसले. तो म्हणाला, “ताई, आखो एक निरोप उना. वहीमा लिखी ठेयेल शे. सकायले दखसूत.”